तांब्याच्या गावातला भोजारा

परदेशात राहून आलेल्या माणसाकडून आसगावात दोन अपेक्षा असतात. त्यानं तिकडचं सगळं मोठं करून सांगावं आणि इकडच्या चहाला नावं ठेवावीत. मी दोन्हींत नापास झाले. आफ्रिकेत सिंह पाहिले का, असं अजूनही लोक विचारतात. मी सांगते, सिंह नाही पाहिला. एक मगर पाहिली, तीही खाणीच्या दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेली. विचारणारा माझ्याकडे पाहतो, इतक्या लांब जाऊन या बाईनं केलं तरी काय असा चेहरा करतो, आणि निघून जातो. त्याचं चुकत नाही. आम्ही झांबियात जे केलं ते म्हणजे भात शिजवला, कपडे वाळत घातले, शाळेत गेलो आणि पाऊस कधी येतो याची वाट पाहिली. हे सगळं आसगावातही करता आलं असतं. पण कोणी विचारलं की तुमची माय तिकडे राहिली कशी, तर मी खुर्ची पुढे ओढते.

बाबूजी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, फोरमन होते. घरची शेती आसगावला, नोकरी चिखल्याला, आणि माय दोन्हीकडच्या मधे, असा आमचा संसार. झांबियातल्या तांब्याच्या खाणीला हिंदुस्थानातले अनुभवी फोरमन हवे आहेत हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे; पण एक दिवस ते कराराचे कागद घेऊन आले आणि माझं लहानपण तिथे संपलं. वरठीच्या स्टेशनावर आम्हाला पोचवायला इतकी माणसं आली होती की आम्ही परत येणार नाही अशी सगळ्यांची खात्री असावी. गावातल्या एका पुढाऱ्यानं भाषण सुरू केलं. गाडी उशिरा होती म्हणून भाषण लांबलं, आणि गाडी आली तरी ते संपेना, म्हणून बाबूजी गळ्यातल्या हारासकट डब्यात चढले. खिडकीतून शेवटचं दिसलं ते भाषणच. मायनं या सगळ्यात एकदाही मागे पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष पेटीत होतं. पेटीत जुन्या पातळात गुंडाळलेलं धानाच्या लोंब्यांचं तोरण होतं. आमच्याकडे नवं धान आलं की ते दाराला बांधतात. चिमण्या खातात, घर भरलेलं दिसतं. नव्या घराला बांधायला हवं, एवढंच तिनं सांगितलं.

नवं घर म्हणजे खाणीच्या वसाहतीतला पत्र्याच्या छपराचा बंगला. मागे आंब्याचं झाड होतं आणि त्याला आंबे डिसेंबरात येत. मायचं तिथल्या ऋतूंशी कधीच जमलं नाही. आखाडीला कडाक्याची थंडी, पोळ्याला धूळ, आणि दिवाळी होऊन गेल्यावर पाऊस. सण कॅलेंडरात असत, बाहेर नसत. पोळ्याच्या दिवशी तिनं मातीचे दोन बैल करून खिडकीत ठेवले, आणि बाहेरच्या उन्हाकडे पाहून म्हणाली की बैलाले तरी काय सांगाव. दुपारी पाळी बदलायच्या वेळी जमिनीखाली सुरुंग उडत आणि कपाटातली भांडी एकमेकांना हळूच लागत. चिखल्याला हेच होई, म्हणून बाबूजींना त्या आवाजानं बरं वाटे. मायला वाटत नसे. आता इतक्या वर्षांनी, आसगावच्या घरात मिक्सर सुरू झाला आणि मांडणीवरची ताटं थरथरली की मला मात्र क्षणभर तिकडचीच दुपार आठवते.

जेवणाचं तसं फार अडलं नाही. भात होता, फक्त महाग होता आणि त्याला वास नव्हता. तिथले लोक मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात, त्याला शिमा म्हणतात. सोबत भोपळ्याची पानं शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेली, नाहीतर तळ्यातली बारीक सुकी मासळी. मी पहिल्या आठवड्यात शेजारी जेवून आले आणि घरी सांगितलं की अगदी आपल्या सुकटीसारखं लागते. माय म्हणाली, मंग तिथंच राहा. पण दुसऱ्या दिवशी तिनं त्या मासळीचा एक पुडा बाजारातून आणला, लसूण-मिरची लावून परतली, आणि याबद्दल कोणी काही बोलायचं नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं. आम्ही बोललो नाही.

अडलं ते माणसांचं. खाणीत काम करणाऱ्या आपल्या लोकांचं एक भारतीय मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष सबनीस साहेब, पुण्याचे, बाबूजींचे वरिष्ठ. बाबूजींचा करार वाढवायचा तर शिफारस त्यांची. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त अध्यक्ष असण्याची सवय लागली होती, आणि ती सवय सुटीच्या दिवशीही सुटत नसे. मंडळात चहा पिणं हाही कार्यक्रम असे आणि त्याला आभारप्रदर्शन असे. पहिल्याच भेटीत कुणीतरी मायला चहा हवा का विचारलं आणि ती म्हणाली, "मले नाई लागत जी." त्यावर सबनीसबाई हसल्या. दुष्टपणानं नव्हे, गंमत वाटून. मग त्यांनी ते वाक्य दुसऱ्या बाईंना ऐकवलं, त्या बाईंनी तिसऱ्या. माय त्यानंतर मंडळात गेली तर कोपऱ्यात बसे आणि मान हलवून उत्तर देई. ज्यांची भाषा तिला कळत होती त्यांच्यापुढे तिचं तोंड बंद झालं, आणि ज्या बाईची भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती तिच्यापुढे ते उघडलं.

ती बाई म्हणजे आमची शेजारीण. तिच्या थोरल्या मुलाचं नाव मुताले, म्हणून तिला सगळे बानामुताले म्हणत. म्हणजे मुतालेची आई. तिकडे मूल झालेल्या बाईला नावानं हाक मारणं बरं दिसत नाही. तिनं माझं नाव विचारलं, आणि मायकडे बोट करून म्हणाली, बानाकुंदा. मी मायला अर्थ सांगितला. मंडळात ती मिसेस भोयर होती, आणि मिसेस भोयर कोण हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. 'कुंदाची माय' मात्र ती आयुष्यभर होती. त्या दिवसापासून दोघी कुंपणाशी उभ्या राहून बोलू लागल्या. माय आमच्या झाडीबोलीत बोले, बानामुताले तिकडच्या बेंबा भाषेत. मी दोन्ही भाषा जाणत असून मला त्यातलं निम्मं कळे. त्यांना सगळं कळे. बानामुताले वाकून, टाळ्या वाजवल्यासारखे हात करून नमस्कार करी. मायला ते फार आवडलं. वाकल्याशिवाय केलेला नमस्कार तिला अर्धवट वाटे.

तरी तिचं मन लागलं नाही. दुसऱ्या वर्षीचा पाऊस तोंडावर होता तेव्हा एका संध्याकाळी बाबूजी म्हणाले की मार्चातल्या रजेच्या तिकिटांचं जानेवारी संपायच्या आत ऑफिसात सांगावं लागेल. माझं आणि मायचं तिकीट नुसतं जाण्याचं काढायचं की येण्या-जाण्याचं? माय गवार मोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"जायाचंच काढा," ती म्हणाली.

"काहून? मी हाव ना इथं."

"तुमी खाणीत असता. इथं आपलं काय हाय जी? हातभर जागा तरी हाय का, आपली म्हणाव अशी?"

बाबूजींनी एक गवार उचलली आणि मोडायला घेतली. मला मात्र त्या क्षणी कळलं की पुढच्या पावसाळ्यात आमचं घर दोन ठिकाणी असेल. मी आणि माय आसगावला, आणि बाबूजी या पत्र्याखाली एकटे, दुपारी वाजणाऱ्या भांड्यांसोबत. मी पंधरा वर्षांची होते. मला शाळा आवडत होती, मुतालेच्या बहिणी आवडत होत्या, आणि बाबूजींना साधी खिचडी करता येत नव्हती. ते एकटे असताना चिखल्याला महिनाभर डाळ-भात कच्चा खात, आणि आपल्याला तसाच आवडतो असं सांगत.

आमच्या बंगल्यामागे एक सखल तुकडा होता. पावसाळ्यात तिथे पाणी साचे आणि लव्हाळं उगवे. तो कुणाचाच नव्हता. पहिला पाऊस झाला, पाणी उभं राहिलं, आणि माय मागच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. झाडीपट्टीतल्या माणसाला उभ्या पाण्यात धान दिसलं नाही तर चैन पडत नाही. शेजारच्याच्या अंगणात रांगोळी अर्धी राहिलेली दिसावी तसं होतं. "एवढं पाणी उभं हाय अन् धान नाई," ती म्हणाली. "कसे लोक हाय हे?" दुसऱ्या दिवशी दाराचं तोरण उतरलं. लोंब्या झोडपून जे धान निघालं त्यातलं बरंचसं उगवलंच नाही, पण उगवलं त्याचे पऱ्हे चांगले वर आले. पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. बानामुतालेनं कुदळ आणली, तिच्या मैत्रिणी आल्या, आणि त्या सखल तुकड्याच्या खाचरांसारख्या दोन लहान बांध्या झाल्या, मधे चालायला मातीचा धुरा. काम करताना माय त्यांना आसगावचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, कसं असतं ते सांगे. त्यातलं भोजाऱ्याचं त्यांना इतकं आवडलं की त्या रोज तेच पुन्हा सांगायला लावत.

इथल्या वाचकाला भोजारा सांगायला नको, पण पुण्याकडचे वाचक असतील तर त्यांच्यासाठी सांगते. सबनीस साहेबांना वेळेवर कुणी सांगितलं नाही म्हणूनच हे प्रकरण लिहावं लागतं आहे. रोवणं संपायच्या दिवशी पऱ्ह्यांची शेवटची पेंडी लागली की बाया धुऱ्यावर मालकाला अडवतात आणि विचारतात, मालक कोण? कोण ते त्यांना पक्कं माहीत असतं. पण त्यानं चारचौघांत 'मी' म्हणायचं असतं. तो म्हणाला की त्याच्या गालाला चिखल लागतो आणि त्या चिखलानं तो बांधला जातो: रोवणाऱ्या सगळ्या बायांना त्यानं जेवू घालायचं, स्वतः वाढायचं. ते जेवण म्हणजे भोजारा. ज्या मालकाला चिखल लागला नाही, त्याचं बायांशी पटत नाही एवढं गावानं समजून घ्यायचं. आता आसगावात रोवणीचं यंत्र येतं. ते मालक कोण असं विचारत नाही, भाडं विचारतं.

तिकडे जानेवारीत पावसानं दडी मारली. बांध्या भेगाळल्या, पऱ्हे पिवळे पडू लागले, अर्धी बांधी रोवायची राहिली. आणि पंचवीस तारखेच्या संध्याकाळी धो धो कोसळला. सव्वीस जानेवारीला मंडळाचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. राजधानीतून दूतावासातले एक साहेब येणार होते, खाणीचे गोरे जनरल मॅनेजर येणार होते, आणि आरतीचं ताट घेऊन स्वागताच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांत मायचं नाव होतं. सकाळी बाबूजी कोट घालून तयार झाले तर माय पातळाचा काष्टा खोचत होती.

"अवो, आज सव्वीस जानेवारी हाय," बाबूजी म्हणाले.

"पऱ्ह्याले का माईत?" माय म्हणाली, आणि मागच्या दारानं गेली.

तिच्या जागी ताट घेऊन मी उभी राहिले. झेंडा झाला, भाषणं झाली. सबनीस साहेबांनी आपल्या भाषणात मंडळाच्या कार्याचा आढावा घेतला, आणि त्यात मला एक नवी गोष्ट कळली: मंडळानं या वर्षी एक कृषी प्रकल्प हाती घेतला असून भारतीय भातशेती आफ्रिकेच्या भूमीत रुजवली आहे. आमच्या मागच्या दोन बांध्यांची गोष्ट बायांच्या हसण्यातून फिरत फिरत व्यासपीठापर्यंत पोचेतो प्रकल्प झाली होती. जनरल मॅनेजरना भाषणापेक्षा शेतात रस दिसला. ते म्हणाले, पाहूया. बाबूजींचा चेहरा उतरला. आज कोणता दिवस आहे ते त्यांना माहीत होतं, आणि मला सव्वीस जानेवारी म्हणायचं नाही, रोवणं संपायचा दिवस म्हणायचं आहे. ते सबनीस साहेबांच्या कानाशी जाऊन म्हणाले की साहेब, आज तिकडे नको, फार चिखल आहे.

"भोयर," सबनीस साहेब हसून म्हणाले, "चिखल म्हणजेच शेती."

आम्ही सगळे कोट आणि रेशमी साड्या सावरत त्या धुऱ्यावर पोचलो तेव्हा बाया वाकलेल्या होत्या. एक ओळ माय म्हणत होती, दुसरी बानामुताले. दोन गाणी होती, चाल कशीबशी एक झाली होती. शेवटची पेंडी लागली आणि सगळ्या सरळ झाल्या. पाहुणे टाळ्या वाजवायला हात उचलणार तोच बानामुताले धुऱ्यावर आडवी उभी राहिली. तिच्या मागे बाकीच्या, पोटरीपर्यंत चिखल, आणि सगळ्या हसत होत्या. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, मालक कोण? मागे बाबूजींनी घसा साफ केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. मी ते पाऊल पाहिलं. सबनीस साहेबांनी मागे न बघता हात आडवा करून त्यांना थांबवलं, आणि पाहुण्यांना कळावं म्हणून आधी इंग्रजीत, मग मायकडे वळून मराठीत सांगितलं,

"मालक आम्हीच, बाई. मंडळ. म्हणजे अध्यक्ष या नात्यानं मीच म्हणा ना."

मायनं त्यांच्या खांद्यावरून बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी आपल्या बुटांकडे पाहत होते. करार, शिफारस, सगळं त्या बुटांत होतं. मला वाटलं, ती नेहमीसारखी मान हलवील आणि बाजूला होईल. तिनं डाव्या हाताच्या कोपरानं पदर डोक्यावर सारला, कारण समोर वडीलधारा माणूस होता, वाकून ओंजळीत चिखल घेतला, आणि अतिशय आदरानं सबनीस साहेबांच्या दोन्ही गालांना लावला.

"भोजारा द्या जी," ती म्हणाली.

दूतावासातले साहेब एक पाऊल मागे सरले आणि आपली कुठेही शेती नाही असं कुणी न विचारता त्यांनी जाहीर केलं. जनरल मॅनेजरनी माझ्याकडे वळून विचारलं की त्या काय म्हणाल्या. मी सांगितलं. मालक म्हणवणाऱ्याला चिखल लागतो, आणि तो लागला की त्यानं या सगळ्या बायांना बसवून जेवू घालायचं, हेही सांगितलं. त्यांनी सबनीस साहेबांच्या गालांकडे नीट पाहिलं. मग गंभीरपणे विचारलं की जेवण कधी आहे, आणि पाहणाऱ्यांना येता येतं का. सबनीस साहेबांनी रुमाल काढला होता. तो त्यांनी परत खिशात ठेवला. यासाठी मी त्यांना अजून मानते. ते म्हणाले, रविवारी, क्लबवर.

क्लबच्या फाटकातून बानामुताले आणि तिच्या मैत्रिणी त्याआधी कधी आत गेल्या नव्हत्या. गेल्या तर झाडू घेऊन. फाटकावरच्या माणसाला काय करावं कळेना, म्हणून त्यानं सलाम ठोकला. हिरवळीवर पंगत बसली. मायनं वडाभात केला, बानामुतालेनं भोपळ्याची पानं. सबनीस साहेब स्वतः वाढत फिरले, कारण मायनं तसं सांगून ठेवलं होतं. आधी ते अवघडलेले होते. तिसऱ्या फेरीपर्यंत ही चाल आपणच सुरू केली असल्यासारखे दिसू लागले, आणि पुढे किती तरी वर्षं पाहुण्यांना ती तशीच सांगत राहिले. सबनीसबाई भाताचं भांडं घेऊन मायसमोर आल्या, आणि आणखी वाढू का म्हणाल्या.

"मले पुरे जी," माय म्हणाली. स्पष्ट, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं. कुणी हसलं नाही. मग ताट पुढे सरकवून म्हणाली, "पण तुमी वाढता तं वाढा."

शिफारशीचं म्हणाल तर ती आली. ज्या प्रकल्पाचं जनरल मॅनेजरनी कौतुक केलं त्या प्रकल्पाच्या माणसाला परत कसं पाठवणार? बाबूजींना हे आधीच कळायला हवं होतं, पण ते प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांना अशा गोष्टी उशिरा कळत.

त्या रविवारी घरी परतलो तेव्हा ऊन कलत होतं. बाबूजी मागच्या पायरीवर बसून बूट सोडत होते. क्लबवर ते फारसं बोलले नव्हते, नीट जेवलेही नव्हते. माय बांधीकडे गेली. रोवलेले पऱ्हे आता ताठ उभे होते. ती वाकली, पाणी किती आहे ते बोटानं पाहिलं, आणि परत येताना तिची मूठ मिटलेली होती. बाबूजींसमोर उभी राहून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्या गालाला चिखल लावला.

"आता कायले?" बाबूजी म्हणाले. "भोजारा तं झाला."

"तो मंडळाचा झाला. मालक तं तुमी हाव ना जी."

बाबूजींनी गाल पुसला नाही. एका पायात बूट, एक पाय उघडा, असे ते बसून राहिले. आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी कपबशा विसळायचं थांबवून कान देत होते. मग ते म्हणाले की तिकिटाचं उद्या ऑफिसात सांगावं लागते, नुसतं जायाचंच काढू ना?

माय हात धुवायला नळाकडे निघाली होती. चालता चालताच म्हणाली,

"अन् कापणी कोण करन? तुमचे अध्यक्ष?"